वारशानें आलेली बाटली

घरची वाटणी निघाली म्हणजे आगर किती झाडांचें, भातखाचर किती गुंठ्यांचें, तांब्यापितळेचीं भांडीं किती वजनाचीं, याचा हिशेब आपल्या कोंकणांत कोणालाहि करतां येतो. सोनें असेल तर सोनार येऊन कस लावून जातो. परंतु जिचा कस गांवांत कोणालाच लावतां येत नाहीं अशी एखादी वस्तु त्या पसाऱ्यांत निघाली, म्हणजे शहाण्या माणसांचीहि पंचाईत होते. आजचें माझें भाषण अशा एका वस्तूविषयीं आहे. ती वस्तु म्हणजे जुनी, परदेशी, न फोडलेली व्हिस्कीची बाटली. मद्यपानाची भलावण करणें हा माझा हेतु नव्हे, हें आरंभींच सांगतों. जुनें नाणें किंवा जुना दस्तऐवज पारखावा त्या दृष्टीनें आपण तिच्याकडे पाहणार आहोंत.

रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरुडच्या वाटेला लागलें म्हणजे कोर्लई आणि बोर्ली मागें टाकल्यावर काशीद लागतें. लांबच लांब वाळूचा किनारा, त्यावर सुरूच्या झाडांची रांग आणि पाठीशीं दाट रानाचे डोंगर. आज हें गांव सुटीच्या दिवशीं येणाऱ्या मुंबईकरांना पाठ झालें आहे. परंतु १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिरा संस्थानांत मोडत होता आणि मागचें रान नबाबाच्या शिकारीसाठीं राखलेलें होतें. १९८६ पासून तेंच रान फणसाड अभयारण्य म्हणून ओळखलें जातें. या काशीदच्या एका घराची वाटणी चालू असतां माळ्यावरील तांब्याच्या हंड्यांत, जुन्या लुगड्याच्या घड्यांत गुंडाळलेली एक चौकोनी बाटली निघाली. मला जुन्या कांचेच्या वस्तूंचा नाद आहे, हें त्या घरच्या धाकट्या भावाला कोठूनसें कळलें होतें, म्हणून त्यानें मला बोलावून नेलें.

थोरले बंधु गांवींच राहून आगर पाहतात, धाकटे मुंबईंत नोकरीस आहेत आणि बहीण पेणला दिली आहे. तिघांचींहि मतें तीन होतीं. थोरल्यांचें म्हणणें असें कीं, आजोबा संस्थानच्या रानांत हाकेकरी होते आणि शिकारीस आलेल्या कोणा साहेबानें खूष होऊन ती बाटली त्यांना बक्षीस दिली. धाकट्यानें वर्तमानपत्रांत वाचलें होतें कीं, २०२३ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या एका लिलावांत मॅकॅलन नांवाच्या व्हिस्कीची एक बाटली सुमारें २१ लाख ८७ हजार पौंडांना गेली. आपली बाटली तर त्याहूनहि जुनी, कारण तिच्यावर १८२० हा आंकडा स्वच्छ छापलेला! बहीण कांहींच बोलत नव्हती. घरांत असली वस्तु निघाली याचीच तिला लाज वाटत असावी.

त्या १८२० पासूनच आरंभ करूं. बाटली जॉनी वॉकर कंपनीची, तांबड्या चिठ्ठीची होती. स्कॉटलंडांतील किल्मार्नोक गांवीं जॉन वॉकर नांवाच्या मुलानें ज्या सालीं किराण्याचें दुकान मांडलें तें साल १८२०. कंपनी आपल्या जन्माचें वर्ष अभिमानानें छापते. आंतील दारूच्या जन्माचें नव्हे. आपल्याकडे तपकिरीच्या किंवा अत्तराच्या डबीवर पेढीच्या स्थापनेचा शक छापलेला असतो, म्हणून तपकीर त्या सालची ठरत नाहीं, तसेंच हें. तांबडी आणि काळी चिठ्ठी हीं नांवेंच मुळीं १९०९ मध्यें रूढ झालीं आणि टोपी घालून लांब ढांगा टाकणारा तो सुप्रसिद्ध गृहस्थ टॉम ब्राऊन नांवाच्या चित्रकारानें १९०८ मध्यें काढला. तेव्हां ज्या बाटलीवर ही चित्रें व हीं नांवें आहेत ती त्यापूर्वींची असूं शकत नाहीं, एवढें तर पहिल्याच दृष्टिक्षेपांत ठरलें.

परंतु याहून मोठा गैरसमज निराळाच आहे. तो धाकट्या बंधूंचाच नव्हे, पुष्कळांचा आहे. लोणचें मुरतें तशी दारू बाटलींत मुरते, अशी आपली समजूत असते. व्हिस्की मुरते ती ओकच्या लांकडी पिंपांत. लांकडांतून तिला रंग येतो, वास येतो, तिचा तिखटपणा जातो, आणि दरसाल तिचा शेंकडा दोन भाग तरी लांकडांतून उडून जातो. त्या उडालेल्या भागाला स्कॉटिश लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. ब्रिटनमध्यें १९१६ पासून पिंपांत निदान तीन वर्षें काढल्यावांचून ती विकतां येत नाहीं. मात्र एकदां कांचेंत भरली कीं तिचें वय तेथेंच थांबलें. बारा वर्षांची व्हिस्की बाटलींत भरून शंभर वर्षें ठेवली तरी ती बारा वर्षांचीच. मॅकॅलनची ती महागडी बाटली १९२६ मध्यें गाळलेल्या दारूची होती आणि ती दारू १९८६ पर्यंत, म्हणजे साठ वर्षें, पिंपांत होती. अवघ्या चाळीस बाटल्या भरल्या आणि त्यांतल्या बारांवर व्हॅलेरियो आदामी या इटालियन चित्रकाराच्या चिठ्ठ्या लावल्या. त्या बारांपैकीं ती एक. जॉनी वॉकरची तांबडी चिठ्ठी म्हणजे बाजारांतला रोजचा माल, जगभर गलबतें भरभरून गेलेला. दोहोंची तुलना करणें म्हणजे राजवाड्यांतील हिऱ्याची आणि जत्रेंतल्या खड्याची तुलना करणें होय.

हें ऐकून धाकटे बंधु जरा हिरमुसले. परंतु बाटलीचा काळ ठरवण्याचें काम उरलेंच होतें आणि खरी मौज त्यांतच आहे.

अशी बाटली हातीं आली म्हणजे प्रथम तिला उभी ठेवावी. द्राक्षांच्या दारूच्या बाटल्या आडव्या ठेवतात, त्यावरून पुष्कळ लोक हीहि आडवी ठेवतात आणि आंतील कडक मद्यार्कानें बूच कुजून जातें. ओल्या फडक्यानें तिला पुसूं नये. पितळ घांसण्याची आपली संवय येथें घातक ठरते. चिठ्ठीवरील धूळ परवडली, पण अक्षरें गेलीं तर सर्वच गेलें. मग दिव्यासमोर धरून कांच पाहावी. दोन अर्ध्या सांच्यांचा जोड कांचेवर रेघेसारखा दिसतो. ही रेघ मानेवरून थेट ओंठाच्या कडेपर्यंत गेली असेल तर बाटली यंत्रावर झालेली, म्हणजे विसाव्या शतकांतली. ओंठाच्या खालींच ती मिटली असेल तर ओंठ हातानें वळवलेला. आमच्या बाटलीची रेघ कडेपर्यंत गेली होती.

त्यानंतर तोंड. फार पूर्वीं बूच आंत ठोकलेलें असे आणि तें काढण्यास मळसूत्र लागे. वरच्या अंगाला बोटांनीं धरण्याजोगी मूठ असलेलें बूच टीचर कंपनीच्या विल्यम बर्गियसनें १९१३ मध्यें काढलें, आणि फिरकीचें झांकण व्हाइट हॉर्स कंपनीनें १९२६ मध्यें आणलें. त्यापुढील कांहीं दशकें दाबून बसणारी धातूची चापाची टोपी आणि तिच्यावर शिशाच्या पत्र्याचें वेष्टन, असा प्रकार पुष्कळ कंपन्यांनीं वापरला. काशीदच्या बाटलीला तशीच टोपी होती. शिसें मळकट झालें होतें, पण कोठें फाटलें नव्हतें.

बाटलीवर माप २६⅔ औंस आणि तीव्रता ७० अंश प्रूफ लिहिलेली होती. हें विचित्र माप म्हणजे इंग्रजी गॅलनचा बरोबर सहावा हिस्सा. आजच्या भाषेंत सुमारें ७५७ मिलिलिटर. ७० प्रूफ म्हणजे शेंकडा ४० मद्यार्क. आपल्या देशांत गाळलेल्या व्हिस्कीवर बहुधा ४२.८ टक्के, म्हणजे ७५ प्रूफ, हा आंकडा सांपडतो. तेव्हां माल परदेशचाच. अमेरिकेंत १९३५ ते १९६४ या काळांत विकलेल्या बाटल्यांच्या कांचेंतच, बाटली पुन्हां विकण्यास व वापरण्यास तेथील कायद्याची मनाई असल्याचें वाक्य उठवलेलें असे. तें येथें नव्हतें.

आणखी एक गोष्ट नव्हती, आणि तिच्याकडे मी मुद्दाम लक्ष दिलें. मुंबईच्या पेढीमार्फत आलेल्या बाटलीवर त्या पेढीच्या नांवाची लहान चिठ्ठी पुष्कळदां चिकटवलेली असे. या पेढ्यांपैकीं एक फिप्सन यांची. जातां जातां सांगतों, हे हर्बर्ट फिप्सन दारूचे व्यापारी खरे, पण त्यांचें खरें चित्त पशुपक्ष्यांत. १८८३ मध्यें स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाला आरंभीं त्यांनींच आपल्या दुकानाच्या जागेंत आसरा दिला. त्या मंडळानें पुढें काय काम केलें हें सर्वश्रुत आहे. दारूच्या दुकानानें विद्येची अशी सेवा केल्याचें उदाहरण विरळाच. असो. आमच्या बाटलीवर फिप्सनची किंवा दुसऱ्या कोणाहि मुंबईकर व्यापाऱ्याची चिठ्ठी नव्हती आणि ती कधीं चिकटवून निघाल्याची खूणहि नव्हती.

आतां मुख्य चिठ्ठी. तिच्या खालच्या अंगाला बारीक अक्षरांत राजाश्रयाची ओळ होती. राजवाड्याला माल पुरवणाऱ्या कंपनीला तसें छापण्याची सनद मिळते. जॉनी वॉकरला ती पंचम जॉर्ज बादशहांच्या कारकीर्दींत, १९३४ मध्यें, मिळाली. ही ओळ म्हणजे बाटली पारखणाराला शिलालेखच. राजा जिवंत असतां त्याचा उल्लेख एका रीतीनें होतो, तो निवर्तल्यावर दुसऱ्या रीतीनें. भिंगाखालीं मीं ती ओळ वाचली, ती अशा अर्थाची होती कीं, कंपनी ही कैलासवासी सहावे जॉर्ज यांना मद्य पुरवणारी आहे.

सहावे जॉर्ज वारले ६ फेब्रुवारी १९५२ रोजीं. म्हणजे ही चिठ्ठी त्या तारखेपूर्वीं छापली जाणें अशक्य. राजाच्या मृत्यूनंतर नवी सनद मिळेपर्यंत कांहीं वर्षें असा मजकूर चाले. तेव्हां बाटली पन्नास ते साठ या दशकांतली, आणि त्या दशकाच्याहि पूर्वार्धांतली असणें संभवनीय. संस्थान तर १९४८ मध्येंच विलीन झालेलें. शिकार संपली होती, साहेब आपल्या देशीं निघून गेले होते. आजोबांना बक्षीस मिळालें असेलहि, पण तें ही बाटली नव्हे.

थोरल्या बंधूंना हें सांगणें मला जड गेलें. “बाबा आम्हांला खोटें सांगतील?” एवढेंच ते म्हणाले. बाबांनीं खोटें सांगितलें असेल असें मलाहि वाटत नाहीं. त्यांनाहि कोणीतरी तसेंच सांगितलें असेल. परंतु साल ध्यानीं घेतलें म्हणजे एक निराळाच उलगडा होऊं लागतो. मुंबई राज्यांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी अमलांत आली. बालसरा नांवाच्या गृहस्थांनीं या कायद्याला आव्हान दिलें, तेव्हां १९५१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मद्यार्क असलेल्या औषधांबाबतचीं कांहीं कलमें रद्द केलीं. परंतु मुख्य बंदी कायम राहिली. प्रकृतीच्या कारणासाठीं परवाना मिळे, तो ज्याला मिळे त्याला. अशा काळांत १९५२ नंतर छापलेल्या चिठ्ठीची विलायती बाटली काशीदसारख्या खेड्यांत आली कशी, आणि तांब्याच्या हंड्यांत लुगड्याखालीं गेली कां?

तेव्हां बहीण प्रथमच बोलली. “दादा, धाकटे आजोबा बोटीवर होते ना?” घरांतली एक पत्र्याची पेटी उघडली. तींत त्या धाकट्या आजोबांची जहाजावरील नोकरीची वही सांपडली. १९५० ते १९६० च्या दरम्यान इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर त्यांनीं केलेल्या फेऱ्यांचे शिक्के तींत होते. आमच्या या किनाऱ्यावरील किती घरांतले पुरुष तेव्हां बोटींवर असत! मुंबईकर व्यापाऱ्याची चिठ्ठी नसणें, साल जुळणें आणि वस्तु दडवून ठेवणें, या तीन गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. यावरून न्यायालयांत टिकेल असा पुरावा होत नाहीं. परंतु दारूबंदीच्या दिवसांत बाटली घरांत कां आहे हें पोरांना सांगण्यापेक्षां, ती साहेबानें संस्थानच्या काळीं दिली असें सांगणें अधिक सुरक्षित होतें, हें कोणालाहि पटेल.

येथें कोणी विचारील कीं, बाटली एकच, दारू तीच. मग कथा बदलल्यानें किंमत कशी बदलते? तर किंमत पुष्कळदां कथेचीच असते, मात्र ती कथा सिद्ध व्हावी लागते. १९४१ च्या फेब्रुवारींत ‘पॉलिटिशियन’ नांवाची बोट स्कॉटलंडच्या पश्चिमेस एरिस्के बेटाजवळ खडकावर चढली. तिच्यांत अडीच लाखांहून अधिक व्हिस्कीच्या बाटल्या होत्या आणि बेटावरच्या लोकांनीं रात्रीं होड्या घालून शक्य तेवढ्या पळवल्या. आपल्याकडील किनाऱ्यावर असा माल लागता तर आपण काय केलें असतें, हें मी विचारीत नाहीं. त्याच बोटींतल्या आठ बाटल्या १९८७ मध्यें एकाला समुद्रांत सांपडल्या आणि लिलावांत त्यांना ४,००० पौंड मिळाले. पैसे मिळाले ते त्या बुडालेल्या बोटीच्या नांवाचे.

दुसरें उदाहरण याहूनहि सुंदर आहे. अर्नेस्ट शॅकल्टन १९०७ ते १९०९ या काळांत दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेला, तेव्हां मॅकिन्ले कंपनीच्या व्हिस्कीचीं खोकीं त्याच्या झोंपडीच्या जमिनीखालीं बर्फांत राहून गेलीं. तीं २००७ मध्यें दृष्टीस पडलीं, २०१० मध्यें खणून काढलीं. त्या सुमारास ती व्हिस्की करणारी कंपनी विजय मल्ल्या या आपल्याकडील उद्योगपतीच्या ताब्यांत होती. त्यांच्या खासगी विमानानें तीन बाटल्या २०११ मध्यें स्कॉटलंडला नेल्या, बुचांतून सुई घालून थोडा अंश तपासला, त्याबरहुकूम नवी व्हिस्की केली आणि मूळच्या बाटल्या पुन्हां त्या बर्फाच्या मुलुखांत नेऊन ठेवल्या. बाटली कोणाची, कोठें होती, कोणीं काढली, याविषयीं तेथें कोणी शंका घेऊं शकत नाहीं.

जेथें अशी साखळी नसते तेथें लबाडीला वाव मिळतो. स्वित्झर्लंडांतील सेंट मॉरित्झच्या एका हॉटेलांत २०१७ मध्यें एका चिनी लेखकानें १८७८ सालची म्हणून मॅकॅलन व्हिस्कीच्या एका पेल्याला ९,९९९ फ्रँक मोजले. पुढें ऑक्सफर्डला तपासणी झाली, तेव्हां ती १९७० नंतरची साधी मिश्र व्हिस्की निघाली. हॉटेलनें पैसे परत केले. ही तपासणी मोठी चतुर आहे. जव ज्या वर्षीं शेतांत उभा असतो त्या वर्षींच्या हवेंतला कर्ब त्यांत उतरतो. आणि १९५० नंतरच्या अणुस्फोटांमुळें हवेंतील किरणोत्सर्गी कर्ब एकाएकीं वाढला. त्यामुळें त्यानंतरच्या धान्याची दारू त्यापूर्वींच्या सालची म्हणून खपवणाराची चोरी पकडली जाते. स्कॉटलंडांतील एका विद्यापीठीय संशोधनकेंद्रांत २०१८ मध्यें अशा ५५ दुर्मिळ बाटल्या तपासल्या, त्यांतल्या २१ खोट्या ठरल्या.

आपल्याकडे तर लबाडीला इतक्या विद्येचीहि गरज लागत नाहीं. विलायती दारूच्या रिकाम्या बाटल्यांना भंगारवाल्याकडे अजून चांगला भाव येतो, तो कांचेच्या प्रेमानें येत नाहीं. म्हणून शिशाचें वेष्टन फाटलेलें, टोपी सैल झालेली, किंवा आंत पाण्यासारखा फिका रंग दिसत असला, तर त्या बाटलीचा थेंबहि कोणीं जिभेला लावूं नये. २०१५ च्या जूनमध्यें मालवणी येथें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं, हें मुंबईच्या लोकांना सांगावें लागत नाहीं. त्या दारूंत मिथेनॉल होतें, आणि तें चवीवरून ओळखूं येत नाहीं.

काशीदच्या बाटलींत दारू खांद्यापर्यंत होती; मानेच्या तळापासून मोजली तर दोन बोटें उतरलेली. इतक्या वर्षांत एवढी तूट स्वाभाविक आहे. कोंकणापेक्षां स्कॉटलंडच्या तळघरांत ती कमी झाली असती, एवढेंच. परंतु विकत घेणारा दरेक बोटाचे पैसे कापतो.

शेवटीं किंमत. किंमत पाहतांना कोणीं किती मागितले हें न पाहतां, लिलावांत हातोडा किती रकमेवर पडला हें पाहावें. मागणारा काय, वाटेल तें मागतो. त्या काळच्या, तशाच टोपीच्या तांबड्या चिठ्ठीच्या बाटल्या ब्रिटनच्या लिलावांत शेंकड्यांत मोजण्याजोग्या पौंडांना जातात, हजारांत नव्हे. त्यांतून अडतीचा हिस्सा, पाठवणी आणि कर वजा जातां हातीं फार थोडें उरतें. आणि हें झालें तेथल्या लोकांचें. येथें आपल्या राज्यांत तो १९४९ चा कायदा अजून लागू आहे. फक्त नांवांतला ‘मुंबई’ शब्द जाऊन ‘महाराष्ट्र’ झाला आहे. त्याअन्वयें मद्य जवळ बाळगण्यास परवाना लागतो आणि परवान्यावांचून विकणें हा गुन्हा आहे, मग ती बाटली आजोबांची असो कीं पणजोबांची. मुंबईचा कोणी हौशी गृहस्थ रोख रक्कम घेऊन धाकट्या बंधूंकडे येऊन गेला होता. त्याला नकार द्या, असें मीं स्पष्ट सांगितलें. धाकट्या बंधूंना तें रुचलें नाहीं. “म्हणजे लंडनला हिची किंमत आहे, काशीदला नाहीं?” असें ते जरा रागानेंच म्हणाले. तसेंच आहे, याला माझा इलाज नाहीं.

थोरल्यांना मात्र विक्रीचें सोयरसुतक नव्हतें. त्यांनीं विचारलें तें एवढेंच कीं, वाटणीच्या यादींत हिच्यापुढें काय लिहावें. मीं सांगितलें कीं, रकमेचा रकाना कोरा ठेवा. बाटलीचें वर्णन, चिठ्ठीवरील राजाश्रयाची ओळ, दारूची आजची पातळी सुतानें मोजून, आणि ती कोठें व कोणाला सांपडली तें लिहा. चारी बाजूंची छायाचित्रें जोडा. जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे ती राहील त्यानें आपल्या नांवाचा परवाना काढावा. बाटली बहिणीनें मागून घेतली. तिच्याबरोबर धाकट्या आजोबांची ती नोकरीची वहीहि तिनें मागितली, आणि दोन्ही वस्तु एकाच कपाटांत, उन्हाची तिरीप न येईल अशा बाजूला, बाटली उभी करून ठेवल्या आहेत.